दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्ती

१२ मे

चि. ठकीस,

आशीर्वाद आहेतच, ते शेवटी घे. आधी भांडण.

तुझं पुस्तक पोचलं. बाई ग, केवढं जाड! झोपून वाचायला घेतलं तर छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं. पण वाचलं. लढाई हरलो, परकी फौज गावात येऊन बसली आणि वर्षानुवर्षं हलली नाही, हे सगळं तू नीट मांडलंस. संचारबंदी, पावाच्या रांगा, धान्यकोठारामागे गोळ्या घातलेली माणसं. माझी भाची एवढं लिहिते म्हणून शेजारच्या नर्सबाईला पुस्तक दाखवून आले.

आणि मग ते पान आलं. "माघार घेताना सैनिकांनी गावच्या चावीवाल्याला चौकात गोळी घातली." संपलं. एका ओळीत माझा नवरा मेला, आणि तोही चुकीचा.

ठके, गोळी नव्हती. त्याला मी धुतलं, डोक्यापासून पायापर्यंत, एकटीने, कारण दुसरं कोणी हात लावायला पुढे आलं नाही. गोळीचं भोक असतं तर मला दिसलं नसतं? कवटी मागून फुटली होती. एक डोळा जागेवर नव्हता. आणि उजव्या हाताची बोटं दगडावर ठेवून ठेचली होती, एकेक करून. सैनिकांना एवढा वेळ कुठे असतो ग? ते गोळी घालतात आणि सिगारेट पेटवतात. हे काम आपल्या माणसांचं. फौज तर आदल्या दिवशीच गेली होती.

दरवर्षी चौकातल्या हुतात्म्यांच्या दगडावर त्याच्या नावाला फुलं वाहतात. वाहणाऱ्यांचे बाप आणि आजे कोण होते ते मला ठाऊक आहे. मी गप्प राहिले, कारण माझं ऐकणार कोण? पण बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं राहतं. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा ती ओळ दुरुस्त कर. सैनिकांनी नाही, गावाने मारला, असं लिही. या वयात माझं एवढंच मागणं आहे.

दादाचा खोकला कसा आहे? थंड पाणी पिऊ देऊ नकोस त्याला.

तुझी आत्या

•

२१ मे

ती. आत्या,

पाया पडते, पण लांबूनच. जवळ असते तर तू कान पिळला असतास.

रागावू नकोस, ऐक. मी कोणतीही ओळ एकाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, निदान दोन साक्षी जुळाव्या लागतात. आतोबांच्या बाबतीत जास्तच जुळल्या होत्या. चौकातला दगड, नगरपालिकेचं दप्तर, जुने हेडमास्तर, आणि आमचे बाबा, म्हणजे तुझा दादा. हो, बाबांनीच सांगितलं मला, गोळी म्हणून. तुला विचारायला मी आले होते, आठवतं? तू चहा केलास आणि म्हणालीस, "झालं गेलं, उकरू नकोस."

आता उकरायचं म्हणतेस तर पूर्ण सांग. गाव कोणाकोणाला म्हणतेस? आणि का मारलं? तुझ्या माणसाने कोणाचं काय वाकडं केलं होतं?

आणखी एक, मनाला लावून घेऊ नकोस. तू राहतेस ती खोली हुतात्म्याची विधवा म्हणून मिळालेली आहे. आतोबांना गावाने मारलं असं छापलं की पहिला प्रश्न येईल, मग ते हुतात्मे कसे? खोल्या देणाऱ्या हुतात्मा समितीवर कोण बसलंय ते तुला माझ्याहून जास्त माहीत आहे.

काल जेवताना बाबांना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्यांच्या हातातला चमचा खाली पडला. "तिला म्हणावं, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे," एवढंच म्हणाले आणि अर्ध्या जेवणातून उठले. मेहुण्याचं दुःख अजून किती ताजं आहे त्यांच्यात! मलाच भरून आलं.

मी हे सगळं लांबून लिहिते असं समजू नकोस. प्रस्तावनेत वाचलं असशील, पाच वर्षांची असताना सैनिक आमचं दार ठोठावत होते आणि आईने माझ्या तोंडावर हात दाबून धरला होता. तो आवाज कानात होता म्हणूनच मी इतिहासाकडे वळले.

तुझी ठकी

•

४ जून

चि. ठके,

प्रस्तावना वाचली नाही. प्रस्तावनेत लोक स्वतःबद्दलच लिहितात, आणि माझा चष्मा आधीच दमलेला. आता ऐक, आणि मधे साक्षीपुरावे विचारू नकोस.

फौजेला घरांच्या झडत्या घ्यायच्या असत. सुरुवातीला लाथा घालून दारं फोडायचे. मग त्यांच्या कोणा साहेबाच्या लक्षात आलं की उद्या याच घरांत आपलेच शिपाई ठेवायचे आहेत, फुटक्या दारांची घरं काय कामाची? म्हणून माझ्या नवऱ्याला उचललं. बंदूक पाठीला लावून त्याला दारोदार नेत आणि कुलूप उघडायला लावत. नाही म्हणण्याची सोय नव्हती. पहिल्या दिवशी नाही म्हणाला, तर बंदुकीच्या दस्त्याने पुढचे दात पाडले.

मग त्याने एक युक्ती काढली. दारापाशी गेला की किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम पायरीवर पाडायचा. खण्ण! मग स्वतःलाच मोठमोठ्याने शिव्या द्यायचा, वाकून शोधायचा, पुन्हा पाडायचा. शिपाई हसायचे, लाथ मारायचे, "धांदरट" म्हणायचे. आतल्यांना कळायचं, चावीवाला आलाय, मागच्या दाराने पळा. किती माणसं वाचली ग त्या जुडग्यावर! तेव्हा सगळं गाव त्याला दुवा द्यायचं. मीही टेचात चालायचे.

पुढे नवा हवालदार आला. हा हसायचा नाही. नुसता बघायचा. शिंप्याच्या घरी झडती होती, त्याची दोन तरणी पोरं आत लपलेली. माझ्या माणसाने जुडगा पाडला. पोरं मागच्या दाराने धावली आणि सरळ बंदुकांच्या तोंडात गेली, कारण हवालदाराने आधीच माणसं पेरली होती. धाकटा कुंपणावर चढत होता, तिथेच लटकला. थोरला चिखलात पडून बराच वेळ आईला हाका मारत होता. हवालदाराने शिंप्याला बाहेर आणून ते बघायला लावलं, मग थोरल्याच्या मानेवर बूट ठेवला आणि तो गप्प होईपर्यंत उचलला नाही.

घरी आला तेव्हा माझा माणूस ओकत होता. त्याच्या स्वतःच्या बुटांना पोरांचं रक्त होतं. म्हणाला, "मी बोलावून मारलं त्यांना." त्याला मागच्या बंदुका माहीत नव्हत्या. तू विचारशील, कशावरून? मी त्याची बायको आहे, यावरून. पण गावात बोभाटा झाला की चावीवाला फितूर, त्यानेच इशारा देऊन पोरांना बाहेर काढलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, म्हणाले. ज्यांना त्याने वाचवलं होतं तेही म्हणाले.

फौज गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं रिकाम्या छावणीत हुंदडत होती. तूही होतीस, पत्र्याने पाय चांगला कापून घेतलास. मीच पट्टी बांधली आणि तुला घरी सोडलं. दुपारी बाजारात शिंपी माझ्या माणसासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हाच तो." बस. सैनिकांवर वर्षानुवर्षं दात खाल्लेले, त्यांच्या वाटेला जायची छाती नव्हती, ते वड्याचं तेल वांग्यावर निघालं. गिरणीवाल्याच्या हातात लोखंडी दांडा होता. कोणाकडे खाटेचा पाय, कोणाकडे कुदळ. मला पाणवठ्यावरच्या बायकांनी धरून ठेवलं, केस ओढून खाली बसवलं. तो एकदा सुटला. तोंडातून रक्त वाहत होतं तरी पळाला, तुमच्याच गल्लीकडे. तुमच्या घराच्या पायरीवर त्याला गाठलं. बोटं त्या पायरीवरच ठेचली.

घर बंद होतं. दादा म्हणाला, दुपारी तो वहिनीला आणि तुला घेऊन बाहेर गेला होता. दादा घरात असता तर माझा माणूस वाचला असता, हे मी इतकी वर्षं मनाला सांगत आले.

खोली जाईल तर जाऊ दे. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि वर त्या संन्याशाला फुलं वाहतात. मला ती फुलं नकोत.

आत्या

•

२९ जुलै

ती. आत्या,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि फाडलं.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने माझी झोप उडवली. छावणी रिकामी होती, मी पाय कापून घेतला, तू पट्टी बांधलीस. आत्या, प्रस्तावनेत मी जी आठवण लिहिली आहे, त्यात माझ्या पायाला पट्टी आहे. आईने तोंडावर हात दाबला होता, मी खाली बघत होते, आणि पट्टीतून रक्त येऊन फरशीवर ठिपके पडत होते. हे मी स्वतः लिहून छापलं आहे. पट्टी होती म्हणजे छावणी रिकामी झालेली होती. म्हणजे दार ठोठावणारे सैनिक नव्हते.

आम्ही घरातच होतो, आत्या.

बाबांना विचारलं. ते खिडकीपाशी बसले होते. मी विचारलं, "त्या दिवशी दारावर कोण होतं?" ते आधी चिडले. मी उठले नाही. परक्यांच्या तोंडून काढून घेते तसंच त्यांच्याही तोंडून काढून घेतलं, आणि माझीच मला शरम वाटली. शेवटी म्हणाले, "तोच होता."

आतून लाकडी अडसर लावला होता. गावातलं कुठलंही कुलूप आतोबा उघडत, पण अडसराला कुलूप नसतं. बाबा दाराला पाठ लावून उभे होते. आतोबा हातांनी मारत होते, मग बहुतेक डोक्याने. मग बाकीचे आले. पहिला फटका बसला तेव्हा दार आत हललं, बाबांच्या पाठीला लागलं. पुढचे सगळे फटके पाठीला कळत होते, म्हणाले. ओरडणं थांबलं तरी मारणं चालू होतं. खालच्या फटीतून रक्त आत आलं. आईने ते माझ्या फ्रॉकने पुसलं, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं.

मी म्हटलं, "का नाही उघडलंत?" म्हणाले, "उघडलं असतं तर तू आज विचारायला नसतीस." खरं असेल. खोटंही असेल. मी काय ठरवणार? बाहेर गेलो होतो हे खोटं त्यांनी तुला सांगितलं, आणि गोळीचं खोटं मला. मी ते पुस्तकात घातलं आणि वर साक्षी जुळल्या म्हणून ऐटीत सांगितलं.

दगडावर नाव कसं आलं तेही कळलं. गावातल्या खुनांची चौकशी होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा गिरणीवाल्याने समितीत ठराव मांडला की चावीवाला सैनिकांच्या गोळीने गेला. बाबांनी त्याखाली सही केली. तुला खोली मिळावी म्हणून केली, म्हणतात.

तुला हे लिहू नये असं दहा वेळा वाटलं. पण तूच खरं मागितलंस. आता तू सांगशील ते करीन. पुस्तक माझं आहे, पण हा मजकूर तुझा आहे.

ठकी

•

१८ ऑगस्ट

ठके,

हे मी सांगतेय आणि नर्सबाई लिहितेय. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी समितीच्या कार्यालयात गेले आणि म्हटलं, दगडावरून नाव काढा. दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याचा नातू आणि आणखी एक दांडगा खोलीवर आले. म्हणाले, म्हातारे, गावाची अब्रू काढतेस? मी म्हटलं, असेल तर काढीन ना! त्याने ढकललं. पडले, हाड मोडलं. पण पडता पडता तुझ्या आतोबांची लोखंडी पकड हाताला लागली, ती त्याच्या नडगीवर अशी घातली की जिना उतरताना रडत होता. नर्सबाई हसतेय. तिला म्हटलं, हेही लिही.

जाताना खिडकी फोडून गेले. खोली रिकामी करायची नोटीस लागली आहे. नर्सबाई म्हणते, माझ्याकडे चला.

मला एकच विचारायचं आहे. दाराबाहेर तो काय म्हणत होता? दादाला विचार. तुझं तू आठव. बाकीचं मला सगळं माहीत आहे, एवढंच माहीत नाही.

आत्या

(आजींनी हे सांगताना मला दिवा घालवायला लावला. त्यांना रडलेलं दाखवायचं नव्हतं. — नर्स)

•

२ सप्टेंबर

ती. आत्या,

हाताची काळजी घे. नर्सबाईंना माझा नमस्कार सांग आणि त्यांच्याकडे जा, हट्ट करू नकोस.

विचारलं. बाबा म्हणतात, आतोबा ओरडून म्हणाले, "दादा, उघडू नका! पोरीला सांभाळा!" हे सांगताना ते रडले. म्हणाले, "देवमाणूस होता. मरताना माझी पोर वाचवून गेला." आता रोज हेच म्हणतात. शेजाऱ्यांनाही सांगायला लागलेत.

माझं म्हणशील तर शब्द स्पष्ट आठवत नाहीत. पाच वर्षांची होते, कानावर आईचा दंड होता. "दादा" एवढं नक्की ऐकलं, पुन्हा पुन्हा. त्यापुढे "उघडा" होतं असं वाटतं. पण वाटतं, याला साक्ष म्हणत नाहीत.

प्रकाशक घाई करतोय. दुरुस्तीचं पान असं केलं आहे: गावातल्या जमावाने मारलं, मारणाऱ्यांची नावं, बाबांचं नाव, दार आणि अडसर, सही, सगळं. प्रस्तावनाही बदलली. फक्त शेवटचे शब्द राहिलेत. बाबांचं वाक्य घालू? खरं सांगते, आत्या, ते वाक्य मोठं आहे. ज्याला फितूर म्हणून मारलं, तो मरताना दुसऱ्याचं मूल वाचवतो. वाचणारा विसरणार नाही. तुलाही तेवढंच समाधान.

ठकी

•

१४ सप्टेंबर

चि. ठके,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षराला हसू नकोस. नर्सबाईकडून हे लिहून घ्यायचं नव्हतं.

समाधान कोणाला, मला की दादाला?

अग, विचार कर. दार ठोठावतोय, डोकं आपटतोय, आणि म्हणतोय काय, उघडू नका? उघडायला नको होतं तर माणूस दाराशी आलाच कशाला? नदीकडे पळाला असता, शेतात पळाला असता. तो दादाच्या दाराशी आला, कारण ते दार उघडेल असं त्याला वाटलं.

आणि तू त्याला ओळखत नव्हतीस. मी संसार केला त्याच्याशी. दाढी करताना जरा कापलं तर घर डोक्यावर घ्यायचा. दात पाडले तेव्हा आठवडाभर माझ्या मांडीवर डोकं ठेवून विव्हळत होता. मरणाला फार भ्यायचा ग. भीत भीतच तो जुडगा पाडायचा, घरी आल्यावर त्याची चड्डी मला धुवावी लागायची. हे लिहिलंस तरी चालेल. त्याला देवमाणूस करू नकोस. आधी त्याला फितूर केला, मग हुतात्मा केला, आता दादाने देव केला. ज्याच्या त्याच्या सोयीने माझा माणूस बदलत राहतो.

दादाला मी समजू शकते. उघडलं असतं तर तुम्हालाही चेचलं असतं, हेही खरं असेल. आपलेच दात, आपलेच ओठ, मी कोणाला शिव्या देऊ? पण समजतं म्हणून दुखायचं थांबत नाही. त्याच्यावर मी संतापलेय आणि तशीच मरणार आहे. त्याला भेटायला येणार नाही. त्याचं औषध मात्र वेळेवर देत जा.

त्याचं ते वाक्य छापू नकोस. तुला "उघडा" ऐकल्यासारखं वाटतं ना? मग "ऐकल्यासारखं वाटतं" असंच लिही, आणि कोणाला वाटतं ते लिही, आणि ती तेव्हा केवढी होती ते लिही. बायकोचं म्हणणं म्हणून माझंही खाली घाल. तो कोणाला वाचवायला आला नव्हता. रक्ताने माखलेला, घाबरलेला माणूस होता, आत आपली माणसं आहेत हे त्याला माहीत होतं, आणि तो "दादा, उघडा" म्हणत होता. हात चालत होता तोवर म्हणत होता.

त्याला जगायचं होतं, ठके. तेवढं नीट लिही.

तुझी आत्या